मी लपवलेला बुडबुडा

मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे, मित्रांनो. सायकलच्या दुकानात पंक्चर शोधायला पाणी भरून ठेवतात ना, तेच. माझा एक कान वाकडा आहे, काठ काळा पडला आहे आणि पोटातलं पाणी कायम गढूळ असतं. पण मला माझ्या रूपाचं दुःख कधी झालं नाही. मला दुःख व्हायचं ते दुसऱ्याच्या सुखाचं. जन्मभर मी सगळ्यांना पाण्यात पाहिलं, आणि नेमकं तेच माझं कामही होतं.

एका कारखान्यात पत्रा ठोकून मला आकार दिला. पहिली दोन वर्षं मी बांधकामावर वाळू वाहिली. इमारत उभी राहिली, लोक मान वर करून तिचं कौतुक करू लागले आणि मला भिंतीशी पालथं टाकलं. हेवा करायला मी तिथंच शिकलो. मग एक दिवस मिस्त्रींनी मला उचललं आणि आपल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात आणलं.

हे दुकान गावाबाहेरच्या फाट्यावर आहे. मोठा रस्ता सरळ निघून जातो आणि समुद्राकडे जाणारा छोटा रस्ता आमच्या दारातून सुरू होतो. त्यावर मोटारी फारशा जात नाहीत. मिठागरांच्या कडेनं, बुटक्या दगडी भिंतींमधून, वाऱ्यानं एकाच बाजूला वाकवलेल्या झाडांखालून तो चौदा किलोमीटर जातो आणि दीपगृहापाशी संपतो. हे सगळं मी सायकलवाल्यांच्या तोंडून ऐकलेलं. मी स्वतः कधी दुकानाची पायरीही उतरलो नव्हतो.

मिस्त्रींची एक खासियत होती. टायरमधून जे निघेल ते बोटावर धरून ते गिऱ्हाईक कुठून आलं ते सांगत. काटा निघाला की म्हणत, "बांधावरून आलात." शिंपल्याची कपची निघाली की म्हणत, "वाळूत घातलीत ना सायकल?" एकदा मासे धरायचा गळ निघाला, तेव्हा ते नुसतेच हसले. गिऱ्हाईक चाट पडे. ट्यूबला चिकटून आलेली वाळू, शिंपल्याचा चुरा, सगळं माझ्या तळाशी बसे. मजा दुसऱ्यांनी करायची आणि गाळ मी सांभाळायचा!

दर रविवारी चष्मेवाल्या बाई येत. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सायकल धरली होती. परत येताना त्या थांबत, माझ्यात हात धूत आणि म्हणत, "मिस्त्री, पाणी म्हणावं तर तिथलं! नजर पोचत नाही हो." मित्रांनो, ज्याच्या पाण्यात हात धुवायचे त्याच्यासमोर दुसऱ्या पाण्याची एवढी स्तुती करावी का? माझा नुसता जळफळाट होई. समुद्र म्हणजे काय, एक मोठं घमेलंच ना? त्यानं आजवर एक तरी पंक्चर शोधलं आहे का?

पुढे मला गंज चढला आणि तळाला भोक पडलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही माझी रीत. आता झाकायची सोय राहिली नाही. मिस्त्रींनी भोकात डांबराचा गोळा दाबून पाहिला, तरी मी झिरपतच राहिलो. मग दुकानात प्लॅस्टिकचा निळा टब आला. चांगला ऐसपैस, गुळगुळीत. बाई लगेच म्हणाल्या, "आता कसं पाणी नितळ दिसतं!" मी बाकाखाली गेलो. माझ्यात जुने नटबोल्ट पडले. टब दुसऱ्या कामात अडकला, तरच माझी आठवण निघे.

मिस्त्रींची लेक सोळा वर्षांची. चाक खोलायला बापाइतकीच तरबेज. दीपगृहापर्यंत एकटीनं जायचं तिनं वर्षभर डोक्यात घेतलं होतं आणि वर्षभर मिस्त्री नाही म्हणत होते. शेवटी एका सकाळी ते म्हणाले, "जा. पण वाळूत सायकल घालायची नाही. आणि मला तुला आणायला यावं लागलं, तर पुन्हा एकटीनं जायचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल, कबूल! लिहून देऊ?" ती म्हणाली.

निघताना पाहते तर मागच्या चाकात हवा नाही. निळ्या टबात बाईंच्या सायकलची चेन रॉकेलमध्ये भिजत पडली होती, म्हणून मला बाहेर काढलं. मिस्त्रींनी बारीकसं भोक शोधलं, ट्यूब घासली, सोल्युशन लावलं. "सोल्युशन सुकू द्या, घाई केलीत तर ठिगळ धरत नाही," हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावत. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! लेक हेल्मेट घालून एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. बाई "माझी चेन झाली का?" म्हणून तिसऱ्यांदा विचारत होत्या. मिस्त्रींनी ओल्या सोल्युशनवरच ठिगळ दाबलं, ट्यूब माझ्यात बुडवली आणि बाईंना उत्तर द्यायला मान वळवली.

तेवढ्यात ठिगळाच्या कडेखालून एक बुडबुडा निघाला. मोहरीएवढा. वर आला आणि फुटला.

तो फक्त मी पाहिला. तुम्ही म्हणाल, घमेल्याला कुठं तोंड असतं? खरं आहे. पण मित्रांनो, आज कबूल करतो, तोंड असतं तरी मी बोललो नसतो. ती समुद्र बघणार, तिची सायकल बघणार, आणि मी पुन्हा बाकाखाली जाणार! मी मनात म्हटलं, जा, बघू कशी पोचतेस ती.

दुपारी मिस्त्रींचा फोन वाजला. "कुठं आहेस? ... दोनदा भरलीस हवा? ... बस तिथंच, मी येतो." फोन ठेवून ते स्वतःशीच म्हणाले, "वाळूत घातली असणार. दुसरं काय!"

त्यांनी पंप आणि नवी ट्यूब घेतली. पण त्यांचा नियम होता की भोक सापडल्याशिवाय नवी ट्यूब घालायची नाही, कारण काटा टायरमध्ये राहिला तर नवीही जाते. म्हणजे पाण्याला भांडं हवं. निळा टब त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसेना. मग जुन्या ट्यूबनं करकचून मला बांधलं आणि आम्ही निघालो. दारातल्या टबाकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. खोटं कशाला बोलू, दोनदा पाहिलं.

तो रस्ता मी असा पाहिला, पाठीमागं तोंड करून, खडखडत. मिठागरं आली, बुटक्या भिंती आल्या, वाकलेली झाडं आली. आणि बारा किलोमीटरवर एका वळणानंतर समुद्र आला. माझ्या काठावरून पाहिलं की समोर माझाच दुसरा काठ दिसतो. त्याला समोरचा काठच नव्हता. हेवा करायलासुद्धा काही माप लागतं, मित्रांनो.

लेक दगडी भिंतीवर बसली होती. तिच्यामागं दीपगृह अगदी हाताशी आल्यासारखं दिसत होतं. रडून डोळे लाल झाले होते.

"बाबा, मी वाळूत नाही घातली. खरंच नाही."

"ते टायर सांगेल," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी मला समुद्रात बुडवून भरलं.

ज्याच्यावर मी जन्मभर जळलो तो माझ्या पोटात होता! पण वाटेतल्या खडखडाटानं डांबराचा गोळा पडून गेला होता आणि पाणी भराभर गळू लागलं.

"बाबा, हे गळतंय!"

"मांडीवर घे आणि खालून अंगठा लाव."

तिनं मला मांडीवर घेतलं आणि भोकावर अंगठा दाबला. मिस्त्रींनी टायरच्या आतून बोट फिरवलं. काटा नाही, शिंपला नाही. त्यांनी हवा भरलेली ट्यूब माझ्यात एकदा फिरवली. काही दिसेना. अंगठ्याच्या कडेनं पाणी झिरपत होतं, ट्यूब उघडी पडायला आली होती. हे भोक सापडलं नाही तर दोष तिच्यावर जाणार आणि सायकल खुंटीला टांगली जाणार, हे मला कळत होतं. सकाळी मी जो लपवला तोच बुडबुडा आता दिसू दे, असं मला कळकळीनं वाटलं. दुसऱ्याचं भलं व्हावं असं मला वाटण्याची ती पहिलीच वेळ.

तो निघाला. ठिगळाच्या कडेखालून, मोहरीएवढा.

मिस्त्रींनी नखानं कड उचलली. अख्खं ठिगळ हातात आलं. काटा धरावा तसं त्यांनी ते बोटावर धरलं.

"ओल्यावरच लावलं मी," ते म्हणाले.

"म्हणजे चूक कुणाची?" तिनं हळूच विचारलं.

"मिस्त्रीची." त्यांनी नवी ट्यूब घातली, हवा भरली. "दीपगृह किती राहिलं?"

"दोन किलोमीटर."

"मग जा की. मी बसतो इथं. आणि आजचं आणायला येणं मोजायचं नाही."

ती गेली. मिस्त्री माझ्याशेजारी बसले. सगळी चूक त्यांनी एकट्यानं आपल्या अंगावर घेतली होती. त्यातली अर्धी माझी होती, पण मला कोण विचारणार? माझ्यातलं उरलंसुरलं समुद्राचं पाणी वाळूत जिरून गेलं.

संध्याकाळी दुकानात दोन्ही सायकली गोड्या पाण्यानं धुतल्या. मग लेकीनं मला घेतलं. माझ्या पोटात मिठाची पांढरी रेघ उमटली होती. ती मला हवी होती. टबाला दाखवायची होती! पण तिनं खसाखसा घासून ती काढून टाकली. "मीठ राहिलं तर महिन्याभरात ह्याची चाळण होईल," ती म्हणाली, आणि भोकात रबरी वॉशर घालून बोल्ट आवळला.

मित्रांनो, हेवाही तसाच असतो. वरून चकाकतो आणि आतून खातो. म्हणून समुद्रावरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय ठेवू नका, आणि दुसऱ्याच्या कामातला बुडबुडा तुम्हाला दिसला तर तोंड आहे तोवर सांगून टाका.

माझा हेवा पुरता गेला असं मी म्हणणार नाही. बाई अजून समुद्राची स्तुती करतात आणि माझा काठ अजून तापतो. पण लेक आता दर रविवारी दीपगृहापर्यंत एकटी जाते. निघण्याआधी ती आपली ट्यूब निळ्या टबात नाही, माझ्यात बुडवते. तेव्हा मी पाणी अगदी स्थिर धरतो, आणि एकही बुडबुडा येऊ नये, असं मनात म्हणत बघत राहतो.