दहा पूर्ण व्हायच्या आत

"मीठ नाही आणलंत? आई, अहो अंडी उकडलीत, मग चिमूटभर मीठ पुडीत बांधायला काय हात दुखतात?"

कोर्टाच्या बोळातल्या बाकावर बसून रेलू अंडं सोलत होता. टरफलं बाकावरच ठेवत होता, शेजारी त्याच्या खटल्याचे कागद होते, त्यांना चिकटतील याची त्याला फिकीर नव्हती.

"जावईबापू," प्रोफिरा दातांतल्या दातांत म्हणाली, "कोर्टात आलोय आपण. लग्नाला नाही."

"लग्नाला आलो होतो, म्हणूनच कोर्टात यावं लागलं," रेलू म्हणाला आणि अख्खं अंडं त्यानं तोंडात टाकलं.

प्रोफिरानं हात बगलेत दडपले. मार्च उतरणीला लागला होता, पण बाहेर गटारांच्या कडेला अजून काळपट बर्फ होता आणि तिच्या अंगात होतं ते कापूस भरलेलं जुनं जाकीट, कोपरांवर ठिगळं लावलेलं. कोंबड्यांना दाणे टाकायला जाताना घालायचं. चांगला करडा लोकरीचा कोट घरी खुंटीला होता. तो नाताळात ओतिलियानं इटलीहून पाठवला होता आणि त्यात प्रोफिरा चर्चमध्ये गेली तेव्हा पाद्रीबुवांच्या बायकोनंही वळून पाहिलं होतं. पण वकीलबाईंची ताकीद होती. "आजी, तो कोट घालून आलात तर न्यायाधीशबाईंना वाटेल, लेक आईची केवढी काळजी घेते! घरातलं जुनं काही नाही का?"

घरातलं जुनं पुष्कळ होतं.

ओतिलिया तिची एकुलती एक. साडेचार वर्षांपूर्वी इटलीत ब्रेशाला गेली, एका नव्वदीच्या इटालियन बाईला, तिच्या सिन्योराला, भरवायला, न्हाऊ घालायला, कुशीवर वळवायला. पाच वर्षांची इलिंका आजीकडे राहिली, आणि घरजावई रेलू होताच. आता ओतिलियाला घटस्फोट हवा होता आणि इलिंकाही. रेलूची तर सही करून मोकळं व्हायची तयारी होती. पोरगी तिकडे गेली तर जाऊ दे, चांगल्या शाळेत जाईल, असंच तो म्हणत होता. प्रोफिरानंच त्याला दाढी करायला लावून झाहारिया वकीलबाईंपुढे नेऊन बसवलं. सासू-जावयांत इलिंका खरोखर कोणाला हवी होती, हे वकीलबाईंना पहिल्या पाच मिनिटांत कळलं. त्या काही बोलल्या नाहीत. बोलायचे पैसे त्यांना कोर्टात मिळायचे.

"पोरगी किती वर्षांची?" एवढंच त्यांनी विचारलं होतं.

"दहा एप्रिलला दहा पूर्ण."

"मग मार्चमध्येच उरकायला हवं. दहा झाली की न्यायाधीशांना तिला आपल्या खोलीत बोलावून विचारावंच लागतं, कोणाकडे राहायचंय म्हणून. आणि पोरं काय बोलतील याचा नेम नाही."

प्रोफिराला मात्र तो पक्का ठाऊक होता. म्हणून तर तिनं दुसऱ्याच दिवशी एक बदक कापून वकीलबाईंकडे पोचतं केलं.

"आणि साक्षीला तुम्हीच या," वकीलबाई म्हणाल्या होत्या. "एरवी जवळच्या नातलगाला उभं करत नाहीत. घटस्फोटात चालतं. सख्खी आई लेकीविरुद्ध बोलली की मग बाकी कोणाची गरजच नाही. खोटं बोलू नका. मी विचारीन तेवढंच सांगा."

खोटं बोलायचं नव्हतं, यातच प्रोफिराला मोठा दिलासा होता.

जिन्यावरून पावलं वाजली. ओतिलिया आली. दोन दिवसांच्या बसप्रवासानं चेहरा पिठासारखा झालेला, केस मागे घट्ट बांधलेले, हातात एक खोकं. मागून तिचा वकील आला, पोरगेलासा, फायली छातीशी धरलेला. तिनं रेलूकडे पाहिलंही नाही. सरळ आईपुढे येऊन उभी राहिली.

"आई, कोट कुठाय? बसला नाही का तुला?"

"बसला की." प्रोफिरा पायांकडे बघत म्हणाली. "धुवायला टाकलाय."

"लोकरीचा कोट? पाण्यात?" ओतिलिया खाली बसली आणि तिनं आईचा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला. कोणाला काही विचारायची तिच्या हातांना सवयच राहिली नव्हती. मोजा खाली सारला, घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. "सूज आहे. कधीपासून? रात्री उशी घेतेस का पायाखाली?"

"मी काय सिन्योरा आहे?"

रेलू हसला. ओतिलियानं मोजा वर ओढून नीट बसवला आणि शेजारी टेकली. मग खोक्याचं झाकण किंचित उघडून आवाज उतरवून म्हणाली, "इलिंकाला बूट आणलेत. पांढरे. अंदाजानं चौतीस घेतले. बरोबर होतील ना गं? हल्ली किती नंबर लागतो तिला?"

इलिंकाला छत्तीस लागत होते. प्रोफिरा म्हणाली, "बघू." तेवढ्यात आतून पुकारा झाला.

साक्षीदाराला आधी बाहेरच थांबवतात. वीसेक मिनिटं प्रोफिरा टरफलांशेजारी एकटी बसली. या सगळ्यात तिचं एकच गणित होतं आणि ते तिला चोख वाटत होतं. पोरगी इथे आहे तोवर ओतिलिया इथली आहे. दर ईस्टरला येईल, आणि एक दिवस कायमची येईल. 'ओतिलिया परत आली की' हे घरात रोजचं बोलणं होतं. ओतिलिया परत आली की छप्पर बदलू. ओतिलिया परत आली की द्राक्षांचा मांडव नवा करू. तिच्यासाठी निळ्या फरशांचं न्हाणीघरसुद्धा बांधून झालं होतं. टबावरचं प्लास्टिक कोणी काढलं नव्हतं. तिघंही अजून अंगणातल्या घंगाळावर अंघोळ करत.

तिला आत बोलावलं. क्रुसावर हात ठेवून तिनं शपथ घेतली. न्यायाधीशबाई ओतिलियाच्याच वयाच्या होत्या आणि त्यांना सर्दी झाली होती.

झाहारिया वकीलबाईंनी गोड आवाजात विचारलं, "आजी, साडेचार वर्षांत इलिंकाची आई किती वेळा आली?"

"तीनदा."

"पोरीला गोवर आला तेव्हा होती?"

"नव्हती."

"रात्री पोरगी कोणाजवळ झोपते?"

"माझ्याजवळ."

"आईची आठवण काढते?"

"आता नाही काढत."

इथवर ठरलेलं होतं. कारकुनाची बोटं टकटकत होती, रेलू नखं बघत होता. वकीलबाई बसायच्या बेतात होत्या. कोणी विचारलं नव्हतं, तरी प्रोफिराच पुढे बोलली. का बोलली हे तिला नंतरही उमगलं नाही. जिंकण्यात माणसाला चव लागते, एवढंच.

"पोरीच्या पायाचा नंबरसुद्धा माहीत नाही हिला," ती म्हणाली. "आत्ता बाहेर मला विचारत होती. चौतीसचे बूट आणलेत. पोरगी छत्तीस घालते."

कारकुनाची बोटं थांबली, मग जोरात चालू झाली. झाहारिया वकीलबाई खाली बघून हसल्या. ओतिलियाच्या मांडीवरचं खोकं कोणालाही दिसेल असं होतं. तिनं ते बाकाखाली सरकवलं.

तिच्या वकिलानं घाईघाईनं काही कागद पुढे केले, पगाराचे, खोलीचे, शाळेचे. न्यायाधीशबाईंनी नाक पुसत ते उलटले. मग म्हणाल्या, "बाई, तुम्हाला साक्षीदाराला काही विचारायचंय?"

ओतिलिया उभी राहिली.

"एकच. मी दर रविवारी चार वाजता फोन करते. दर रविवारी आई सांगते, इलिंका झोपलीय. ती खरंच झोपलेली असते का?"

रविवारी चार वाजता इलिंका खिडकीशी बसलेली असे आणि फोन पिठाच्या डब्यात असे. रविवारचं जेवण वाढायच्या आधीच प्रोफिरा फोन तिथे टाकी, आवाज बंद करून. पोरगी अंगणात गेली की मग स्वतः उलट फोन लावी आणि ती झोपलीय म्हणून सांगे. हे फक्त तिला माहीत होतं. आणि कदाचित पोरीला.

तिचा हात अजून क्रुसावरच होता, काढायचा राहून गेला होता.

"झोपलेली असते," ती म्हणाली. "दमते पोर."

पेशंटचा ताप बघून झाल्यावर थर्मामीटर झटकावा तशी ओतिलियानं मान हलवली आणि खाली बसली.

बोळात आल्यावर वकीलबाईंनी बाकावर टेकलेल्या प्रोफिराचा खांदा दाबला. "आजी, बुटाचं मस्तच सुचलं तुम्हाला! निकाल हातात आल्यासारखाच आहे." रेलू सिगारेट ओढायला खाली गेला. पोरगेला वकील ओतिलियाशी कुजबुजत होता. अपील करू, तोवर दहा एप्रिल उलटेल, मग तिला विचारावंच लागेल. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. त्याचं बोलणं अर्ध्यात सोडून ती आईकडे आली, खोकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि आईच्या जाकिटाची बटणं लावू लागली. खालून वर, एकेक करून.

प्रोफिराचा जीव भांड्यात पडला. रागावली असती तर हात लावला असता का?

"दोन नंबरांचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं," ती म्हणाली. "ईस्टरला ये. गोड पाव करीन, अक्रोड घालून. आणि कायमची परत आलीस की रोज बघ पोरीचे पाय. न्हाणीघर तसंच आहे हो, कोणाला शिवू दिलं नाही मी."

ओतिलियानं गळ्याशी शेवटचं बटण लावलं. कॉलर सरळ केली.

"आई, प्लास्टिक काढ आणि अंघोळ कर त्यात," ती म्हणाली. "मी परत येणार नाहीये. इलिंका मला मिळाली तरी नाही, आणि नाही मिळाली तरी नाही."