काळं म्हणजे चांगलं

माझं काम रंगारणीचं, फक्त माझा रंग कुणाला दिसत नाही. रोगट पेशी हुडकून त्यांना चिकटणारी प्रतिपिंडं असतात, त्यांना मी तो जोडते. लालच्याही पलीकडचा रंग, कॅमेऱ्याला तेवढा दिसतो. शरीरातून काढलेला तुकडा त्यात ठेवायचा; उजळला तर रोग आहे, काळा राहिला तर नाही.

हे समजावलं तेव्हा ताई म्हणाली होती, "म्हणजे तुमच्यात तोंड काळं केलेलंच बरं."

तिची गाठ काढली तेव्हा तिने हौसेने सही करून दोन तुकडे आमच्या प्रयोगशाळेला दिले. एक गाठीच्या मधला, एक कडेचा. कड काळी म्हणजे गाठ पुरती निघाली. रुग्णालयाच्या अहवालाला आठ दिवस होते आणि मला कुठला दम निघतोय.

दोन्ही तुकडे शेजारी ठेवायचे, हा पहिला धडा. मधला उजळायलाच हवा, नाही तर रंगच फसलाय. नवख्यांना मी हे डोळे वटारून शिकवते. पण ताईच्या अंगातलं ते उजळताना बघायची माझी छाती झाली नाही. मी एकटी कड ठेवली. काळी कुळकुळीत निघाली. तिथूनच फोन लावला, सगळं निघालं म्हणून. ती रडली, मग मीही.

आठव्या दिवशी सकाळी सहकाऱ्याने प्रतिपिंडांची कुपी उचलून विचारलं, रंग जोडायच्या आधी यातलं द्रावण बदललं होतंस ना? नव्हतं बदललं. घाईत विसरले. रंग त्या द्रावणालाच चिकटून संपला होता, प्रतिपिंडं कोरीच राहिली होती. पुन्हा रंग जोडला, दोन्ही तुकडे ठेवले. दोन्ही उजळले.

अहवाल तिच्या हाती पडायच्या आत मी घरी गेले. ताई एका हाताने कपडे वाळत घालत होती, दुसरा अजून वर जात नव्हता. मी तिच्या हातातले कपड्यांचे चिमटे घेतले आणि सगळं सांगून टाकलं. ती कितीतरी वेळ एकच उशीची खोळ झटकत राहिली.

"मधला का नाही ठेवलास?"

"बघवलं नसतं गं."

"मग मला बोलवायचंस. मी बघितला असता." तिने खोळ माझ्या हातात दिली. "आठ दिवस मी किती छान झोपले."