फेंगडी उठली नाही

मी जुना आहे, झिजलेला आहे आणि आता एका बाजूने चक्क कापलेलाही आहे. तरी माझ्याकडे बघून 'अरेरे' म्हणू नका, मित्रांनो. टेम्पोच्या टायरला कुणाची दया लागत नाही. आधी माझी गोष्ट ऐका, मग काय म्हणायचे ते म्हणा.

मी जन्मलो एका कारखान्याच्या साच्यात. रबराचे थर, त्यांच्यात दोऱ्यांचे कापड, दोन्ही काठांना पोलादी तारेचे कडे, आणि वरून असा शेक की विचारू नका. बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगावरची नक्षी इतकी खोल होती की तिच्यात अडकलेला खडा स्क्रू ड्रायव्हरने उकरून काढावा लागे. भाजीच्या टेम्पोला मागच्या बाजूला मला बसवले. खड्डे, खिळे, तापलेले डांबर, सगळे मी अंगावर घेतले. टेम्पोवाला रोज सकाळी मला एक लाथ मारून बघायचा आणि म्हणायचा, "हा गडी पक्का आहे." त्या लाथेने माझा दिवस चांगला जायचा. चार वर्षांत फक्त तीन पंक्चर झाले, मित्रांनो! आजकालच्या टायरांना विचारून बघा.

पण नक्षी झिजली. एके दिवशी मला पंक्चरच्या दुकानात उतरवले आणि नवा टायर लावून टेम्पो निघून गेला. टेम्पोवाल्याने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? दुकानाच्या मागे, नळाशेजारी मी आडवा पडलो. पोटात पाणी साचले, त्यात डास झाले. येणारे-जाणारे मला 'भंगार' म्हणू लागले. तो शब्द मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही.

दुकानाचे मालक फार बोलत नसत. मालकीणबाई मात्र दिवसभर बोलत, कधी माणसांशी, कधी भांड्यांशी, आणि उरलेला वेळ बदकांशी. बदकांची एक जोडी त्यांनी हौसेने पाळली होती. त्यातली मादी चालताना पाय असे टाकायची की तिचे नाव फेंगडीच पडले. ती अंडी घालण्याच्या बेतात आहे हे दिसताच मालकीणबाईंनी तिच्यासाठी लाकडी खोके मांडले, त्यात मऊ चादर अंथरली. फेंगडीने खोक्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ती तरातरा आली आणि माझ्यात बसली.

मी किती फुगलो म्हणून सांगू! पण पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. अंडे घरंगळून माझ्या पोकळीत गेले आणि साचलेल्या पाण्यात पडले. मालकीणबाईंनी हात घालून ते काढले, पाणी उपसले, माझी पोकळी वाळू ठासून भरली आणि मधोमध वाळलेले गवत दाबून खोलगट घरटे केले. एवढ्या वर्षांत माझ्यात सगळ्यांनी हवाच भरली होती. असे अंथरूण कुणी घातले नव्हते.

चांगली नऊ अंडी झाली, तशी फेंगडीने स्वतःच्या पोटाची पिसे उपटून गवतावर पसरली आणि ती अंडी उबवायला खुडूक बसली. कुणी जवळ आले की पंख फुगवून फिस्स करायची. मालकांच्या अंगठ्याला तिने असा चिमटा काढला की हातातला पाना टाकून ते पळाले. ट्यूबवर भोकाची खूण करायचा मालकांचा खडू घेऊन मालकीणबाईंनी माझ्या अंगावर पहिली रेघ ओढली. मग रोज एक रेघ.

आठव्या रेघेच्या दिवशी मालकांची थोरली बहीण राहायला आली. घरात सगळे तिला ताई म्हणत. ताईंचे उभे आयुष्य कोंबड्या पाळण्यात गेले होते, आणि त्यांच्यापुढे मालकांची मान वर होत नसे.

फेंगडी दिवसातून एकदाच उठायची. अंडी गवताने आणि पिसांनी झाकायची, चार दाणे खायची, मालकांच्या ट्यूब बुडवायच्या टबात डुंबायची आणि निथळत परत येऊन बसायची. ताईंनी ते पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"ओल्या अंगाने कुणी अंडी उबवतं का? कुजतील सगळी!"

त्यांनी फेंगडीवर टोपली पालथी घातली आणि वर वीट ठेवली. फेंगडी आतून टोपलीला धडका देत राहिली. माझ्या अंगाला प्रत्येक धडक जाणवत होती. मला हात असते तर ती वीट मी कुठे भिरकावली असती ते सांगत नाही. दुपारी मालकीणबाईंनी टोपली उचलली. "पाण्यातला पक्षी आहे ताई. ओलं अंग घेऊनच तो बसणार," त्या म्हणाल्या. ताई गाल फुगवून आत गेल्या.

एकविसावी रेघ पडली. दुसऱ्या दिवशी ताई माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी बोट लावून रेघा मोजल्या. अंडे एकही फुटले नव्हते.

"एकवीस दिवस पुरे झाले. अंडी गेली," त्यांनी निकाल दिला. "माझी कोंबडी एक दिवस वर घेत नाही."

"पण ही उठलेली नाही ना अजून," मालकीणबाई म्हणाल्या.

"तिला काय कळतंय?"

"आणि आपल्याला तरी काय कळतंय? या घरात याआधी बदक बसलंय कधी?"

खरी गोष्ट अशी होती की मालकीणबाईंनाही बदकाचे दिवस ठाऊक नव्हते. पण त्या हटल्या नाहीत. फेंगडीही हटली नाही, आणि मी तर हटणाऱ्यातला नव्हतोच.

चोविसाव्या रेघेच्या दिवशी मात्र प्रकरण हाताबाहेर गेले. भंगारवाला हातगाडी घेऊन आला आणि ताईंनी त्याला थेट माझ्यापाशी आणले. "हा टायर ने. नासक्या अंड्यांचा घरभर वास सुटायच्या आत फेकते मी ती." मालकांनी फेंगडीला उचलले. ती त्यांच्या काखेत ओरडत, चावत, पंख आपटत राहिली. नऊ अंडी उघडी पडली. त्यांची ऊब माझ्या अंगात मुरलेली होती, आणि ती जिवंत आहेत की नाहीत हे मलाही सांगता येत नव्हते. चार वर्षांत खिळ्यांना घाबरलो नाही, पण त्या क्षणी घाबरलो.

मालकीणबाई पदर खोचून आडव्या आल्या. त्या ताईंशी बोलल्या नाहीत, नवऱ्याशी बोलल्या.

"अहो, एखादी ट्यूब तुम्ही कधी पाण्यात न बुडवता फेकलीय?"

मालक थांबले. त्यांना भूक लागली नाही असे झाले असेल, पण न तपासता ट्यूब टाकली असे कधीच झाले नव्हते. "नाही," ते म्हणाले.

"मग?"

मालकांनी फेंगडी बायकोच्या हातात दिली. टब घासून धुतला, कोमट पाणी ओतले, त्यात कोपर बुडवून पाहिले आणि पाणी अगदी शांत होईपर्यंत वाट पाहिली. "तडा असेल तर बुडबुडा येईल," असे पुटपुटत त्यांनी पहिले अंडे अलगद सोडले आणि हात बाहेर घेतला.

बुडबुडा आला नाही. अंडे तरंगले, आणि मग ते आपोआप हलले. एकदा डावीकडे, थोडे थांबून पुन्हा.

"तुझा धक्का लागला असेल," ताई म्हणाल्या.

मालकांनी दोन्ही हात वर करून दाखवले. अंडे पुन्हा हलले.

"आयला, हे भारीच!" भंगारवाला गाडी सोडून टबावर वाकला. ताईंनी चष्मा लावला. एका अंड्यातून बुडबुडे आले, एक नुसतेच तरंगत राहिले. ती दोन बाजूला ठेवली. बाकीची सातही हलली. मग ताईंनी सातही अंडी स्वतःच्या हाताने माझ्यात मांडली. "बदकाचा हिशोब वेगळा दिसतोय," त्या म्हणाल्या, "आणि मी मेली टोपली घालून बसले!" त्या दिवसापासून टबात ताजे पाणी ताईच भरू लागल्या.

अठ्ठाविसाव्या रेघेच्या सकाळी माझ्या पोटात टकटक सुरू झाली. संध्याकाळपर्यंत सात ओली, पिवळी पिल्ले फेंगडीच्या पंखांखाली कुरकुरत होती.

दुसऱ्या दिवशी फेंगडी बाहेर जाऊन पिल्लांना हाका मारू लागली. पिल्ले धावली आणि माझ्या भिंतीवर आपटली. उड्या मारल्या, घसरली, उताणी पडली. ज्या भिंतीने त्यांना सांभाळले तीच आता आडवी आली होती. मालकांनी पिल्ले टोपलीत ठेवली, माझ्या कडेची तार करवतीच्या पात्याने कापली, सुरीला साबणाचे पाणी लावले आणि मला वरपासून जमिनीपर्यंत चिरून दार केले. जन्मभरात मी तीनच टोचण्यांना दाद दिली होती. त्या दिवशी मुकाट्याने फाटलो. त्या दारातून सातही पिल्ले रांगेने बाहेर पडली, आणि आईसारखेच फेंगडे पाय टाकत तिच्या मागे गेली.

मित्रांनो, तुमच्याकडे कुणी खुडूक बसली असेल तर तिला दाणा द्या, पाणी द्या आणि कुत्र्या-मांजरांपासून जपा. पण तिच्याऐवजी तुम्ही दिवस मोजून तिला उठवू नका. आणि कशालाही 'गेलं' म्हणण्याआधी एकदा तपासून बघा.

पुढच्या महिन्यात भंगारवाला आला. त्याने माझे दार पाहिले, मला पायाने हलवले आणि मान हलवली. "कापलेला आहे. हा आता माझ्याही कामाचा नाही."

ऐकलेत ना? ज्याला भंगारवालासुद्धा नेत नाही, तो भंगार कसा?