चाकाखालचा दगड

पूजाची लाल गाडी ट्रॅकवर पळू नये असं भिमाजीला मनापासून वाटत होतं, आणि त्याच गाडीच्या ब्रेकसाठी तो पंधरा दिवस मुलीच्या हाताखाली राबत होता. बापाचं असंच असतं, पोटात एक आणि हातात दुसरं.

सत्तावीस वर्षं त्याने उसाचा ट्रक चालवला. एकदा घाटात ब्रेक गेला, तेव्हा डोंगराला घासत घासत ट्रक थांबवला. त्या दिवसापासून त्याचा उजवा गुडघा आणि ब्रेकवरचा भरवसा, दोन्ही कायमचे दुखरे झाले. पूजाचं श्रीरामपुरात गॅरेज. कुणीतरी भंगारात काढलेली दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार तिने दोन वर्षं खपून उभी केली होती. जामखेडकडच्या माळावर एका हौशी माणसाने ट्रॅक बांधलाय. महिन्यातल्या एका रविवारी ज्याला हवं त्याला तिथे आपली गाडी पळवता येते. मागच्या महिन्यात पूजा गेली. तिसऱ्या फेरीत ब्रेकचं पेडल एकदम तळाला टेकलं आणि गाडी वळण सोडून शेजारच्या हरभऱ्यात घुसली. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. शेतवाल्याने उलट चहा पाजला. भिमाजीच्या डोळ्याला मात्र आठ दिवस डोळा लागला नाही.

"इकून टाक ती गाडी," तो म्हणाला.

"एक डाव जाऊ द्या, आप्पा. आता ब्रेकला कायबी झालं, तर त्याच दिशी इकते. न्हाई झालं, तर ह्यो इषय परत काढायचा न्हाई."

"ठरलं," भिमाजी म्हणाला. मनात म्हणाला, होणारच. ब्रेकची जात मी वळखून हाय.

तरी सल्ला दिल्याशिवाय त्याला राहवेना. "चाकातल्या ब्रेकच्या चकत्या, त्या डिस्का, मोठ्या घाल. परातीएवढ्या."

"चाकात बसायच्या न्हाईत, अन् बसल्या तरी वजन वाढंल. डिस्का चांगल्या हायेत. घात केला ब्रेक ऑइलनं. जुनं ऑइल हवेतलं पानी पितं, तापलं की उकळतं, बुडबुडे हुतात. मग पाय बुडबुड्यावर दाबतो, ब्रेकवर न्हाई. बदलायचं राहिलं, चूक माझीच."

डिस्कला आवळून धरणारे नवे ब्रेक पॅड आणायला दोघं नगरला गेले. दुकानदाराने शर्यतीतले, सगळ्यांत कडक पॅड पुढे सरकवले. पूजाने ते हातात घेऊन परत ठेवले. "हे चांगले तापल्याबिगर धरत न्हाईत. पहिल्याच वळणाला हरभरा!" मग तिने मधले घेतले, ट्रॅकवरच्या तापाला टिकणारे आणि थंड असतानाही धरणारे. भिमाजीला हे पटलं. पटलं हे त्याने दाखवलं नाही.

नवं ऑइल भरून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची, तर पेडल दाबायला माणूस लागतं. दुखरा गुडघा सांभाळत भिमाजी सीटवर बसला. चाकापाशी पाना घेऊन पूजा बसली.

"दाबा."

"दाबलं."

"धरा. धरून ठेवा."

"सत्तावीस वर्सं धरलाय, आता काय सोडतोय व्हय!"

चारी चाकांचं ऑइल बुडबुड्याविना यायला लागलं तेव्हा दोघं हसत होते. पुढे रिकाम्या रस्त्यावर गाडी पळवून, पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून, तिने नवे पॅड डिस्कवर रुळवले. घरी आल्यावर तिने बापाला तीन गोष्टी बजावल्या. शेवटची फेरी सावकाश मारायची. थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, पायही दाबून ठेवायचा नाही; तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. आणि गरम डिस्कवर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, तडकते.

"आमी तर घाटाखाली चाकांवर बादल्या वतायचो."

"म्हनूनच तुमच्या ब्रेकचे ड्रम तडकायचे."

दोन तडकले होते.

निघताना त्याने एक तिकोनी दगड गाडीत ठेवला. उभ्या ट्रकच्या चाकाखाली सत्तावीस वर्षं हाच असायचा. पूजाने तो बाहेर काढला. "ट्रॅकवर गाडीत सुटं कायबी चालत न्हाई. मी सपाटीवर लावनार हाय, दगड कशाला?" भिमाजीने मुकाट्याने तो आपल्या पिशवीत टाकला.

माळावर पोचल्या पोचल्या पाण्याच्या टँकरवरून हाक आली. बन्सी! एकेकाळी भिमाजीच्या मागे-पुढे ऊस वाहणारा बन्सी आता ट्रॅकवर टँकर घेऊन उभा असायचा. गळाभेट झाली, तंबाखू झाली आणि लाल गाडी सुटली.

भिमाजी कुंपणाला धरून उभा राहिला. तिसरी फेरी आली तसा तो कुंपणावरून वळणाकडे वाकला. वळणाआधी मागचे दिवे लाल झाले, गाडीने नाक खाली घातलं आणि दावणीकडे वळणाऱ्या गाईसारखी शहाणपणाने वळली. पाचवी, आठवी, दहावी, तसंच. त्याला आनंद झाला आणि त्या आनंदाचाच राग आला. आता ही दर महिन्याला पळणार आणि आपण दर महिन्याला मरणार.

शेवटची फेरी सावकाश मारून पूजा बाहेर आली. पण सपाटीवर बाकीच्या गाड्या आधीच लागल्या होत्या, म्हणून झेंडेवाल्याने तिला उताराकडे पिटाळलं. तिथे गाडी घसरू नये म्हणून पाय ब्रेकवर ठेवूनच तिला थांबावं लागलं. पुढच्या चाकांतून धूर निघत होता.

"आरं, तापलं! तापलं!" बन्सी भरलेली बादली घेऊन धावत सुटला. घाटाने लावलेली सवय, दुसरं काय.

भिमाजी चाकाजवळच उभा होता. पाणी पडलं की डिस्क तडकली. डिस्क तडकली की ब्रेकला काहीतरी झालं. ठरल्याप्रमाणे गाडी आजच विकली जाणार, आणि त्याने बोट उचललेलं नसणार. नुसतं गप्प राहायचं होतं.

पूजाने हेल्मेटची काच वर केली. फेरीची वेळ सांगणाऱ्या पाटीकडे सगळ्यांच्या माना वळल्या होत्या. ती मात्र गर्दीत बापाला शोधत होती.

"बन्सी, न्हाई!" भिमाजी ओरडला आणि गुडघ्याची पर्वा न करता चाकापुढे आडवा झाला. अख्खी बादली त्याच्या सदऱ्यावर रिकामी झाली.

"येडा झालास काय रं?"

"तडकती ती!" त्याने पिशवीतून दगड काढला, उताराच्या बाजूने चाकाखाली सारला आणि वर बघून म्हणाला, "सोड पाय."

पूजाने पाय सोडला. गाडी बोटभर सरकली, दगडाला टेकली आणि उभी राहिली.

ती खाली उतरली. तिने बादलीकडे पाहिलं, निथळणाऱ्या बापाकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. "पडू द्यायचं हुतं की पानी, आप्पा," ती हळूच म्हणाली. "तुमच्या मनासारखं झालं असतं."

भिमाजीने सदऱ्याचं टोक पिळलं. थंडीने त्याचे दात वाजत होते.

"पुढच्या टायमाला पहाटंच निघू," तो म्हणाला. "सपाटीची जागा धराय लागंल."