फ्यूज ज्याच्या खिशात

या, असे जवळ सरकून बसा. एका मुठीची गोष्ट सांगतो. मन मात्र इथंच ठेवा, चपलांपाशी नको.

एक होता लाइनमन. उभा जन्म विजेच्या खांबांवर काढलेला. तीन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय थोडा सावरला, पण मूठ अशी आवळली की नखं तळव्यात रुतून जखमा झाल्या. व्यायामाच्या बाईंनी त्याच्या कोपराखाली, हाताच्या मागच्या बाजूला दोन चिकट पट्ट्या लावल्या. वायरी छोट्या यंत्रात गेल्या.

"काका, हलकासा करंट सोडते. बोटं उघडतील."

"करंटनं मूठ आवळते, बाई! उघडत नाही. मी डोळ्यांनी..."

"दोन वेळा नाही म्हणालात. आजही नाही, तर यंत्र दुसऱ्या पेशंटला जाईल. आणि हा हात असाच आखडून बसेल."

बायको म्हणाली, "अहो, जन्मभर लोकांच्या घरात वीज घातलीत, आता स्वतःच्या अंगात यायची म्हटल्यावर पळताय?"

"पळायला पाय कुठाय धड?"

बाईंचं बोट बटणाकडे गेलं आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला. बायकोनं पाहिलं, त्याची नजर हातावर नव्हती, त्या बोटावर होती. तिला बोक्या आठवला.

बोक्या त्याचा जोडीदार, खांबावर बोक्यासारखा सरसर चढायचा. त्यांचा नेम होता: चढणाऱ्यानं फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा, सख्ख्या भावाच्याही भरवशावर सोडायचा नाही. एकदा घाईत फ्यूज पेटीवरच राहिला. वीज गेली म्हणून कुणीतरी भल्या मनानं परत बसवला. तारेवर आवळलेली बोक्याची मूठ खाली उभ्या लाइनमनला सोडवता आली नाही.

"बाई, यंत्र यांच्या डाव्या हातात द्या," बायको म्हणाली. "फ्यूज यांच्या खिशात असू दे."

बाईंनी यंत्र त्याच्या डाव्या हातात ठेवलं आणि बटणं दाखवली. "हे वाढवायचं, हे लाल बंद करायचं. करंट आला की तुम्हीही मनानं बोटं उघडा."

त्यानं आधी लाल बटण तीनदा दाबून पाहिलं. देवाचं नाव घेऊन वाढवायचं बटण दाबलं. एक. मुंग्या आल्या. दोन. मनगट थरथरलं. अंगठा लाल बटणावर टेकला, तिथंच थांबला. तीन.

आधी करंगळी सुटली. मग एकेक बोट, आणि पंजा उघडला. तळव्यावर नखांच्या चार लाल चंद्रकोरी.

त्यानं लाल बटण दाबलं. बोटं हळूहळू मिटली. पुन्हा चालू केलं. पुन्हा उघडली.

"उघडली रे, बोक्या," तो पुटपुटला. "बघ, उघडली."

तेव्हा बाबांनो, आज घरी जाऊन दिवा लावाल, बटणावर बोट ठेवाल, तेव्हा घटकाभर बोक्याची आठवण काढा. त्याची मूठ काही उघडली नाही.