झोसिमेचं दुसरं नाव

"आजी स्टेडी लाह," शांताबाईंनी चष्मा सावरत केकवरची अक्षरं वाचली. "लाह? लाह्या म्हणायचंय का गं तुला?"

"नो, आजी! मीन्स, तू एकदम भारी!" एकता क्रीमने माखलेले हात नाचवत म्हणाली. सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनच्या त्या फ्लॅटमध्ये आजीच्या वाढदिवसासाठी नातीने तिथली बोली मुद्दाम देवनागरीत लिहिली होती.

"अक्षरं आपली दिसली, म्हणून मी आपली मराठी शब्दच शोधत बसले!"

सुरी घेऊन आलेली त्यांची सून कादंबरी जागच्या जागी थबकली. "आई, काय म्हणालात? परत म्हणा!"

"लाह्या?"

"नाही हो, आत्ताचं! अक्षरं आपली..."

ती प्राचीन ग्रीक थडग्यांवरच्या लेखांवर पीएचडी करत होती. रोमनांचं राज्य आल्यावर ग्रीक लोक आपल्या माणसांसाठी ग्रीकमध्येच लिहीत राहिले; पण आधी पाताळातल्या देवांना वंदन, मग मृताचं वय, अशी रोमन वळणं त्यात शिरत गेली. तिच्या अभ्यासातला एक दगड झोसिमे नावाच्या बाईचा होता, तिच्या नवऱ्याने कोरवून घेतलेला. त्याच्या शेवटच्या ओळीच्या सुरुवातीचा टवका उडाला होता. उरलं होतं फक्त 'नेमेरेन्ती'. ग्रीकमध्ये असा शब्दच नाही. शेवटी कादंबरीने आणि तिच्या मार्गदर्शक प्रोफेसर लिम यांनी ते झोसिमेचं दुसरं नाव असावं, असं धरलं होतं.

"नाव नाहीच ते!" कादंबरी किंचाळली. "अक्षरं ग्रीक, शब्द लॅटिन! बेनेमेरेन्ती!"

तिचा नवरा अभय याने आधी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. तिने धावत जाऊन लॅपटॉप आणला आणि दगडाचा फोटो मोठा केला. टवक्याच्या कडेला ग्रीक 'ब'चा, म्हणजे बीटाचा, खालचा गोल पुसटसा दिसत होता. इतके दिवस सगळे त्याला ओरखडा समजत होते.

मग तिने शांताबाईंना धरून गरागरा फिरवलं. एकता मागून उड्या मारत होती. "अगं, पडेन मी!" असं ओरडत शांताबाईही फिरतच राहिल्या.

कादंबरीने प्रोफेसर लिमना फोन लावला. त्या ते ऐकून इतक्या मोठ्याने हसल्या, की कादंबरीला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मी येतेय," त्या म्हणाल्या. "टॅक्सीत बसलेच समज."

"पण त्याचा अर्थ काय?" अभयने विचारलं.

"अशा पाट्यांवर रोमन हा शब्द हमखास घालायचे. म्हणजे, जिने चांगुलपणाने हा मान कमावला, तिला." कादंबरीने फोटोतल्या ओळीवरून बोट फिरवलं. "एवढे दिवस आम्ही त्याला नाव समजलो, अभय. तिचा नवरा तिचं कौतुक करत होता."

शांताबाई धापा टाकत सोफ्यावर टेकल्या. "दगडावर कोरलं ते ठीक. पण ती जिवंत असताना कधी तोंडाने म्हणाला होता का मेला?"

कादंबरीला इतकं हसू फुटलं, की तिला उचकीच लागली. प्रोफेसर लिम दारात पोहोचल्या, तेव्हाही ती थांबली नव्हती.