पांढऱ्या कापडाची परीक्षा

आमचे मालक बसलिंगप्पा शेठ यांच्या कमरेला सदा एक पांढरं कापड खोचलेलं असायचं. मागावरून चादर उतरली की ते कापड पाण्यात बुडवायचं, चादरीवर खसाखसा घासायचं आणि उजेडात धरून बघायचं. कापडाला रंग लागला तर रंगाऱ्यानं कच्चा रंग वापरला, हे ठरलं. मग त्या रंगाऱ्याची सगळ्या भवानी पेठेत अशी काही शोभा व्हायची की तो पुन्हा आमच्या गल्लीतून सायकलसुद्धा न्यायचा नाही. "कापड खोटं बोलत नाही," असं मालक म्हणायचे. मी त्यांच्या चादरीच्या कारखान्यात कारकून होतो, त्यामुळं हे वाक्य मी माझ्या बायकोच्या नावापेक्षाही जास्त वेळा ऐकलं असेल.

चादरीपुरतं ते खरंही होतं. मालकांची चूक एवढीच, की त्यांना जगातली प्रत्येक वस्तू चादरच वाटायची. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा त्यांनी पोराच्या कॉलरवरून कापड फिरवलं होतं, असं पेठेत बोललं जायचं. मी काही ते पाहिलं नाही, पण मला ते खोटंही वाटत नाही.

त्र्याहत्तर साल संपता संपता पेट्रोल असं कडाडलं, की ज्याच्याकडं गाडी तो रडायला लागला. मालकांनी पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी काढून टाकली आणि डिझेलवरची मॅटाडोर घेतली. चादरींचे गठ्ठे पंढरपूर, मंगळवेढ्यापर्यंत पोचवायला ती सोयीची होती. गाडीबरोबर ड्रायव्हर आला, धोंडीराम. तो मूळचा मंगळवेढ्याचा. आधी एका कंत्राटदाराची डिझेलची जीप चालवायचा. कारखान्याच्या आवारातली एक खोली त्याला मिळाली. त्याची बायको मथुराबाई तिथंच आमच्यासाठी चहा करायची. माणूस कमी बोलायचा, पण स्टिअरिंगवर हात असे ठेवायचा की मागं बसलेल्याला झोप यायची.

नव्या गाडीचं पहिलं तेल बदललं त्याच्या दुसऱ्या दिवशी भानगड सुरू झाली. मालक पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून आवारात आले. त्यांनी गाडी उघडायला लावली, इंजिनातलं तेल बघायची पट्टी ओढली आणि आपल्या पांढऱ्या कापडावर पुसली. कापड काळंकुट्ट झालं.

जुन्या पेट्रोलच्या गाडीचं तेल कितीतरी दिवस मधासारखं राहायचं. हे तर एका रात्रीत डांबर झालं होतं.

"धोंडीराम, काल नवीन तेल घातलं होतंस न्हवं?"

"व्हय मालक."

"मग ह्ये काय बे?"

"डिझेलचं त्याल काळं पडतंच की मालक. इंजिनात काजळी व्हतीया, ती ह्ये त्याल धरून ठेवतं. म्हणून तर ठराविक मैल झालं की बदलायचं. जिपंला आमी तसंच करायचो."

हे बोलणं सरळ होतं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातही तेच छापलं होतं. डिझेलला कुठलं तेल घालायचं, किती मैलांनी बदलायचं, सगळं. मी मालकांना ते वाचूनही दाखवलं. मालक म्हणाले, पुस्तक छापणारा आणि तेल विकणारा एकाच ताटात जेवतात. मग त्यांनी पुणे नाक्यावरच्या त्रिंबक मिस्त्रीला बोलावलं. त्रिंबक मिस्त्री आला, त्यानं पट्टी बघितली आणि म्हणाला, "डिझेलला असंच असतंय." तेवढ्यात त्याचं लक्ष मालकांच्या चेहऱ्याकडं गेलं. लगेच तो म्हणाला, "तसं तुमचंबी बरोबर हाय म्हणा मालक. ड्रायवर लोकांचा काय भरवसा." एवढं बोलून त्यानं मथुराबाईच्या हातचा चहा घेतला आणि तो गेला. असा मिस्त्री सोलापुरात प्रत्येक नाक्यावर एक असतो आणि त्याचा धंदा कधी बसत नाही.

मालकांचा निकाल लागला होता. धोंडीराम नवं तेल बाहेर विकतो आणि कुठल्या तरी ट्रकचं जळकं तेल आमच्या गाडीत ओततो. रंगारी चोर निघतो तर ड्रायव्हर का निघणार नाही?

पुढचं तेल मालकांनी स्वतः आवारात खुर्ची टाकून बदलून घेतलं. बंद डबा त्यांच्यासमोर फुटला, त्यांच्यासमोर ओतला गेला. एवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून तेल घालायच्या झाकणावर आणि तेल काढायच्या खालच्या बोल्टवर त्यांनी लाखेचं सील मारलं, गठ्ठ्यांना मारतात तसं. वर आपल्या अंगठीचा ठसा उठवला. गाडी करकंबला जाऊन आली. दुसऱ्या दिवशी पट्टी काळी. आणि लाख? इंजिन तापल्यावर लाखेचं जे व्हायचं तेच झालं होतं, ती वितळून ओघळली होती.

"सील फोडलंस," मालक म्हणाले.

"मालक, ती इतळली. इंजिन तापतंय."

"माझ्या डोळ्यांदेखत तेल ओतलं, वर सील मारलं, तरी चोरी केलीस. लई हुशार हायस बे तू."

एखाद्या शहाण्या माणसानं इथं म्हटलं असतं, की ज्याअर्थी चोरी होणं शक्य नव्हतं त्याअर्थी चोरी झाली नाही. मालकांनी उलटं धरलं. चोरी होणं शक्य नव्हतं, तरी झाली, म्हणजे चोर फारच मोठा आहे. त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यात धोंडीरामबद्दल एक प्रकारचा धाकही यायला लागला.

त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पुढच्या खेपेला कापड काळं झालं तर खोली खाली करायची. आणि पेठेत मी सांगणार, हा माणूस कसा हाय ते." खोली जाण्याचं धोंडीरामला फारसं वाटलं नसतं. पण पेठेत चोर म्हणून नाव झालेल्या ड्रायव्हरच्या हातात सोलापुरात कोण गाडीची किल्ली देणार? रंगाऱ्यांचं काय झालं हे त्यानं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी मथुराबाईनं चहा दिला. मला त्या माणसाची फार कीव आली आणि मालकांचा असा राग आला की चहा कडू लागला.

दुसऱ्या दिवशी धोंडीराम मला बरोबर घेऊन चनबसप्पाच्या तेलाच्या दुकानात गेला. मी कशाला, तर मालकांच्या कारखान्याचं नाव सांगायला.

"काळं न पडणारं त्याल हाय का?" त्यानं विचारलं.

चनबसप्पानं चष्मा वर केला. "हाय की. जुन्या पेट्रोलच्या गाड्यांचं साधं तेल. मळ धरतच न्हाय, मग काळं कशानं पडंल? पण तुझी गाडी डिझेलची हाय."

"मळ धरत न्हाय, तर तो जातो कुटं?"

"जाणार कुटं? बसतो तितंच, इंजिनात."

धोंडीरामनं तो डबा विकत घेतला. मग डबा घेऊन तो सरळ मालकांपुढं आला. मी साक्षीला होतो म्हणून सांगतो, त्यानं काही लपवलं नाही. "मालक, ह्ये त्याल घातलं तर तुमचं कापड सपेत ऱ्हाईल. पर इंजिन जाईल."

मालकांचे कान एकाच बाजूनं छापलेल्या कापडासारखे होते. वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यांना ऐकू गेला. "म्हणजे कापड सपेत ठेवता येतं तर!" ते म्हणाले. "मग इतके दिवस का न्हाय ठेवलंस?"

धोंडीरामनं ते तेल घातलं. गाडी मंगळवेढ्याला जाऊन आली. सकाळी मालकांनी पट्टी पुसली, तर कापडावर चहाचा पुसट डाग पडावा एवढंच. मालक हसले. मालक हसल्याचं मी त्या वर्षात पहिल्यांदाच बघितलं.

पुढं काय झालं ते कोणालाही सांगितलं तर तो म्हणेल, तुम्ही रचून सांगताय. खंडेनवमीला कारखान्यात मागांची पूजा झाली, गाडीला झेंडूचा हार घातला आणि मालकांनी धोंडीरामचा सत्कार केला. नारळ दिला. खास त्याच्यासाठी विणून घेतलेली, पांढऱ्याशुभ्र अंगाची, लाल काठाची चादर त्याच्या खांद्यावर घातली. मग सगळ्या विणकरांसमोर पट्टी ओढून कापडावर पुसली आणि कापड वर धरलं. "माणूस सुधारतो," मालक म्हणाले. "फक्त परीक्षा घेणारा पाहिजे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धोंडीराम चादरीखाली मान घालून उभा होता. खरं बोलत होता तेव्हा तो चोर होता. इंजिनाचा गळा दाबायला लागला, तेव्हा त्याला चादर मिळाली.

आणि आता तेल बदलायचा प्रश्नच नव्हता. धोंडीराम मैलांचा आकडा सांगायला गेला की मालक कापड दाखवायचे. पिवळं आहे तोवर बदलायचं कशाला? चांगली चादर कुणी फेकून देतं का? दिवाळी गेली, संक्रांत गेली, गड्ड्याची जत्रा गेली. गाडी चढाला दम टाकायला लागली. धोंडीराम दोनदा म्हणाला, मालकांनी दोनदा कापड दाखवलं.

पाडव्याच्या पुढच्या आठवड्यात मंगळवेढ्याच्या एका शाळेत बक्षीस समारंभ होता. मालक पाहुणे होते आणि त्यांना 'सचोटी' या विषयावर बोलायचं होतं. भाषण मीच लिहिलं होतं, त्यामुळं मीही गाडीत होतो. मंगळवेढ्याच्या अलीकडं, ज्वारी काढून झालेल्या काळ्या रानात, जिथं सावलीला एक बाभूळ सुद्धा नाही अशा जागी, इंजिनानं एक कर्कश आवाज केला आणि ते जागच्या जागी आखडून बंद पडलं. धोंडीरामनं एकदा मालकांकडं बघितलं आणि तो खाली उतरला. मालकही उतरले. त्यांनी पट्टी ओढली, कापडावर पुसली आणि मला दाखवली. कापडावर पिवळसर डाग होता. "तेल तर चांगलं हाय," ते म्हणाले.

गाडी दुसऱ्या गाडीला बांधून सोलापूरला आणली. त्रिंबक मिस्त्रीनं इंजिनाखालची तेलाची परात उघडली. आत कारळ्याची चटणी तेलात कालवून थापून ठेवावी तसा काळा चिखल बसला होता. तेल वर चढायच्या नळ्यांत तोच गच्च भरला होता. जो मळ कापडाला लागला नव्हता, तो सगळा तिथं होता. मालकांनी वाकून बघितलं. आता तरी काही कळेल, असं मला वाटलं. मी मूर्ख होतो.

"इंजिनच खोटं निघालं," मालक म्हणाले. "इतकं चांगलं तेल त्याला पचलं न्हाय."

त्रिंबक मिस्त्री म्हणाला, "तसंबी असतंय मालक."

इंजिन नव्यासारखं बांधून आलं. गाडी आवारात उभी होती आणि मालकांनी फर्मावलं, "तेच पिवळं तेल घाल." धोंडीराम म्हणाला, "न्हाय घालणार."

"मग कापड काळं होईल."

"व्हईल."

"पेठेत काय म्हणतील तुला, म्हाईत हाय न्हवं?"

"पेठ काय म्हणत न्हाय मालक. तुमी म्हणता आन् पेठ मान हलवती. एक इंजिन माज्या हातानं मारलंय, आता दुसरं मारणार न्हाय. माजी झोप गेलीया."

मालक तावातावानं आत गेले. धोंडीरामनं डिझेलचं तेल आणून घातलं, करकंबची एक खेप करून रात्री आला. सकाळी खोलीतून सत्काराची चादर घेऊन आला. तिची अजून घडीही मोडलेली नव्हती. त्यानं पट्टी ओढली आणि त्या पांढऱ्याशुभ्र चादरीच्या मधोमध पुसली. मोठा काळा पट्टा उठला. चादर त्यानं मालकांच्या गादीवर पसरली, तिच्यावर गाडीची किल्ली ठेवली.

"ह्ये बघा. आता तुमचं इंजिन सोच्छ हाय," तो म्हणाला.

दुपारी मथुराबाईनं चूल विझवली, भांडी गोणीत भरली आणि दोघं एसटीनं मंगळवेढ्याला निघून गेली. मालकांनी शब्द पाळला. संध्याकाळपर्यंत पेठेतल्या प्रत्येक दुकानात ती चादर फिरली. बघा म्हणे, पुराव्यासकट. सोलापुरात धोंडीरामला पुन्हा कुणी गाडी दिली नाही. ईरप्पा नावाच्या एका ज्वारीच्या व्यापाऱ्यानं तिकडंच त्याला जीप दिली, ती डिझेलची जीप अजून चालते असं ऐकतो.

इकडं नवा ड्रायव्हर आला. त्याला पहिल्या दिवशीच समजलं की इथं काय लागतं. त्यानं डिझेलचं तेल काढून टाकलं आणि पिवळं घातलं. गाडी पुढच्या खंडेनवमीपर्यंतही पोचली नाही. दुसऱ्यांदा इंजिन बांधायचं म्हटल्यावर मालकांनी नकार दिला. चाकं काढून, खाली दगड लावून गाडी आवारात चिंचेखाली ठेवली. तिच्या टपावर आता विणकर बायका वाळवण घालतात. चादरींचे गठ्ठे आता एसटीनं जायला लागले.

पण मालकांची सवय सुटली नाही. रोज पूजा झाली की ते विभूती लावून चिंचेखाली जातात, गाडी उघडायला लावतात, पट्टी ओढतात आणि कापडावर पुसतात. उभ्या गाडीचं तेल काळं पडेल कशानं? मग ते कापड घेऊन आत येतात आणि माझ्या टेबलासमोर धरतात.

"बघ कारकून," ते म्हणतात, "धोंडीराम गेल्यापासून एकदा तरी कापड काळं झालं का? आता तूच सांग, चोर कोण होता."